ज्याचा आवाज, त्याला आधी

तुमच्या शाळेच्या कपाटात कुणाकुणाचे आवाज कुलपात पडलेत, हे तुम्ही कधी विचारलंय का? आणि त्यातले कुठले कापून टाकले, कुणी कापले, हे तरी?

विचारलं नसेल. मीही विचारलं नसतं. वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या एका हायस्कुलात मी गणित शिकवायला रुजू झालो, तेव्हा कपाटात काय असतं याची माझी कल्पना खडू, नकाशे आणि वाळवी एवढीच होती. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीची गावं सुटकेचा श्वास टाकतील, आणि तसा श्वास टाकायचा हक्क मला कुणालाच द्यायचा नाही.

त्या कपाटात एक टेपरेकॉर्डर होता. दोन चाकांचा, फितीचा, बॅटरीवरही चालणारा. एका उदार माणसानं शाळेला भेट दिलेला. तो वर्षातून नुसता २६ जानेवारीला बाहेर निघायचा, टेबलावर ठेवला जायचा, हार घातला जायचा आणि परत आत. त्याला या कैदेतून सोडवलं ते रंगनाथ धुमाळ सरांनी.

धुमाळ सर भोंगवलीचे. विज्ञान शिकवायचे. उंच, किंचित वाकलेले, कान जरा मोठे. मुलं त्यांना मागून ‘कानवाले’ म्हणायची आणि सरांना ते ठाऊक होतं. एकदा वर्गात मागच्या बाकावर कुजबूज झाली तेव्हा फळ्याकडे तोंड ठेवूनच ते म्हणाले, “कानवाल्याला ऐकू आलं बरं का. पुढच्या वेळी नाव घेताना ‘सर’ लावा, तेवढंच लांब होईल, मला जास्त ऐकू येईल.”

त्यांना एक खोड होती. कुठल्याही खोलीत शिरले की ते एकदा टाळी वाजवायचे आणि मान तिरकी करून थांबायचे. खोली काय उत्तर देते ते ऐकायचे. भाचीच्या सोयरिकीसाठी एकदा भोरला गेले होते. पाहुण्यांचं नवं सिमेंटचं घर, मोठी बैठक, सगळे गंभीर चेहऱ्यानं बसलेले, आणि हे दारातून आत येऊन मधोमध उभे राहिले आणि टाळी वाजवली. मुलाच्या वडलांना वाटलं, काही आनंदाची बातमी आहे. सर म्हणाले, “खोली लई बोलते तुमची. चार गोधड्या टांगा.” सोयरीक तरीही जमली. मुलाकडच्यांनी पुढं कितीतरी दिवस सगळ्यांना सांगितलं, मुलीचा मामा वास्तुशास्त्र जाणतो.

आमच्या शाळेच्या सगळ्या खोल्या पत्र्याच्या. तिथं बोललेलं शब्दागणिक दोनदा ऐकू यायचं. मुलांच्या प्रकल्पासाठी नीट आवाज टिपायचा तर जागा कुठली? सरांनी ती शोधली उत्रोलीच्या एका शेतकऱ्याच्या पेंढ्याच्या माळ्यावर. भाताचं काड छतापर्यंत रचलेलं, मधे चार माणसं मावतील एवढी पोकळी. सरांनी आत जाऊन टाळी वाजवली. आवाज तिथल्या तिथं विरला. सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुढं फार थोड्या वेळा पाहिलं. मग दर शनिवारी दुपारी नववीची मुलं यष्टीनं उत्रोलीला. कुणी भाताच्या जातींची नावं सांगतंय, कुणी पक्ष्यांचे आवाज काढतंय, आणि प्रत्येकाला काडाच्या धुळीनं शिंका. शिंक आली की सर हात वर करायचे, फीत थांबवायचे, आणि शिंकणाऱ्याकडे असं बघायचे की बिचारा पुढच्या शनिवारी नाकाला रुमाल बांधून यायचा. मे महिना आला तसं काड कमी व्हायला लागलं. एके दिवशी जाऊन बघतो तर काडाच्या तीन भिंतींपैकी एकच शिल्लक. शेतकरी म्हणाला, “काय करू, सर? गाय खाती.” सर मला म्हणाले, “बघा पत्रकवाले, जगातला एकमेव स्टुडिओ जो दूध देतो.”

पत्रकवाले हे माझं नाव. माझ्या झोळीत कायम छापील पत्रकं असायची, मोर्च्यांची, मागण्यांची. सर ती सगळी वाचायचे, आणि वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारायचे, “ज्यांच्यासाठी हे लिहिलंय, त्यांना वाचून दाखवलं का?” मला राग यायचा. कारण उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असायचं.

हा प्रश्न त्यांच्या सगळ्या कामाचा पाया होता. ज्याचा आवाज, त्याला आधी. टिपलेला प्रत्येक आवाज त्या माणसाला ऐकवायचा, त्यानं ‘हो’ म्हटलं तरच तो पुढं न्यायचा. मुलं कंटाळायची. एका म्हाताऱ्याला त्याचं दोन मिनिटांचं बोलणं ऐकवायला पुन्हा चार मैल चालायचं? सर म्हणायचे, “आवाज त्याचा. आपण फक्त हमाल.”

पालीला असंच झालं. राजगडाच्या पायथ्याचं गाव, तिथले एक आजोबा गडाच्या गोष्टी फार रंगवून सांगायचे. चहा देताना अस्सल बोलले. माइक समोर आला आणि आजोबांनी पागोटं सारखं केलं, घसा खाकरला आणि रेडिओवरच्या बातम्यांसारखं सुरू केलं, “सदरहू दुर्ग हा अत्यंत दुर्गम असून…” मुलं हसायला लागली. मी सुचवलं, माइक बंद केल्याचं सांगू आणि चालूच ठेवू. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या तरी खिशात हात घातला होता. मग ते चुलीपाशी गेले आणि आजींना म्हणाले, “आजी, जरा बसता का समोर? आजोबा तुम्हालाच सांगतील, आम्हाला नाही.” आजी बसल्या. आजोबांनी पुन्हा ‘सदरहू’ म्हणायची खोटी, आजी म्हणाल्या, “आवो, काय लावलंय सदरू सदरू? दाजी गडावनं घसरलं ती सांगा की. आन् तुमी कुठं व्हता तवा? झाडाखाली निजला व्हता!” झालं. पुढची वीस मिनिटं नवराबायकोचं भांडण आणि गडाचा इतिहास एकत्र टिपला गेला. तेवढी चांगली फीत शाळेत दुसरी नव्हती.

फीत कापायची सरांची पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुढं जे झालं ते कापण्यावरूनच झालं. दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा, लाकडाच्या पट्टीला पाडलेली तिरकी खाच, पांढरी पेन्सिल आणि चिकटपट्टी. चाकं हातानं पुढंमागं फिरवून ते नको असलेल्या खोकल्याची जागा शोधायचे, खूण करायचे, तिरका काप घ्यायचे आणि टोकं जोडायचे. जोड कळत नसे. पण दोन गोष्टी ते कधी करत नसत. बोलणाऱ्याचा श्वास कापत नसत. आणि कापलेला तुकडा फेकत नसत. तो चिठ्ठी लावून प्रयोगशाळेतल्या दोरीला टाचणीनं टांगलेला असायचा. ‘खोकला, नववी ब, शकुंतला.’ ‘बैलाची घंटा.’ ‘माझी चूक.’ वारा आला की सगळे खोकले हलायचे.

तिसरी एक सवय होती. प्रत्येक ठिकाणी बोलणं संपलं की सगळ्यांना गप्प करून ते एक मिनिट नुसती शांतता टिपायचे. मुलांना हे वेड वाटायचं. सर म्हणायचे, “रिकामी शांतता कुठंच नसते. माळ्यावरची वेगळी, ओढ्याकाठची वेगळी, हेडमास्तरांच्या खोलीतली वेगळी. जोडकामात फट राहिली तर तिथलीच शांतता भरायची. दुसऱ्या ठिकाणची भरली की खोटं पकडलं जातं.”

त्या वर्षी जिल्ह्याच्या शालेय प्रदर्शनासाठी प्रकल्प होता, ‘आमच्या गावचं पाणी’. फितीवर पंधरा मिनिटांचा. मुलांनी झरे मोजले, ओढ्यांची नावं गोळा केली, जुन्या माणसांना बोलतं केलं. आणि सर मुलांना घेऊन बौद्ध वस्तीवर गेले, सरूबाईंकडे.

सरूबाई कांबळे पन्नाशीच्या. अंगानं काटक, बोलायला त्याहून. सर त्यांना ‘आक्का’ म्हणायचे. गावात त्यावरून बोललं जायचं, की भोंगवलीच्या धुमाळांना हिकडं बहिणी कुठनं आल्या. सर म्हणायचे, “आईनं सांगितलं नव्हतं, मीच शोधली.”

सरूबाई दारात बसून बोलल्या. पहिल्यांदा बोलल्या तेव्हा कोंबड्या कलकलल्या. सरांनी हात वर केला, पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा रस्त्यानं जीप गेली. सर म्हणाले, “आक्का, आणखी एकदा.” सरूबाईंनी पदर खोचला आणि विचारलं, “मास्तर, सोसायला एकदाच लागलं. सांगायला तीनदा?”

सरांचा वर गेलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि म्हणाले, “चुकलं माझं. कोंबड्या असू द्यात.” त्या दिवसापासून त्यांनी कुणालाच दुसऱ्यांदा बोलायला लावलं नाही. खोकला आला तर खोकला राहायचा.

कोंबड्यांसकट टिपलेलं ते पहिलं बोलणं असं. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की चुकणार नाही.

“ही हीर म्या खांदलीया. दुष्काळाच्या साली. माती डोक्यावर म्या वाहिली, माज्या सुनंनं वाहिली. सुकडी खायाची आन् टोपलं उचलायचं. पाणी लागलं तवा मुकादम म्हनला, सरूबाई, पयलं पाणी तूच बघितलंस गं. बघितलं. बघितलं त्ये बघितलंच, शिवलं न्हाई. आता पायरीखाली हांडा ठिवून बसायचं. वरच्या कुना बाईला दया आली तर ती वरनं वतनार. न्हाई आली तर वढ्यातला झिरा हायेच. सरकारची हीर हाय म्हनत्यात. मग आमी कुनाचं?”

चाळीस सेकंद.

सरांनी नेहमीसारखं ते लगेच तिथंच त्यांना ऐकवलं. सरूबाईंनी स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला. सून तोंडावर पदर धरून हसली. सरूबाई हसल्या नाहीत. सर मोठ्या अभिमानानं म्हणाले, “आक्का, हे पुण्यापर्यंत जाणार.”

“जाऊ द्या की,” सरूबाई म्हणाल्या, “पर हितनं हीर शंभर पावलं हाय, मास्तर. तितवर कवा जानार?”

सरांनी यंत्र उचललं आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर मीच बोलत होतो. मी कायदा सांगत होतो, अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे, अर्ज करू, मोर्चा काढू. सर मधेच थांबून म्हणाले, “पत्रकवाले, मी दोन वर्षं याच विहिरीचं पाणी पितोय. कोण भरतं, कोण खाली बसतं, मला दिसत नव्हतं का? कान एवढे मोठे ठेवले आणि डोळे मिटून घेतले.”

फीत तयार झाली. आता शाळेत नियम होता की बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट हेडमास्तर बघतात. त्यांनी ऐकली. चाळीस सेकंद आले तसं त्यांनी यंत्राकडे असं पाहिलं, जणू त्याला आवर घालायला हवा.

“धुमाळ, प्रकल्प पाण्याचा आहे. जातीचा नाही.”

“सर, पाणी कोण भरतं हे पाण्यात येत नाही का?”

“स्थानिक कमिटीचे अध्यक्ष कोण आहेत, माहीत आहे ना?”

माहीत नसायला काय झालं? अण्णा. गावचे सरपंचही तेच, शाळा कमिटीचे अध्यक्षही तेच. विहिरीवर ज्या दगडी पाटीवर नाव कोरलंय तेही त्यांचंच. माती वाहिलेल्यांची नावं कोरायला दगड पुरला नसावा.

“तेवढं काढा,” हेडमास्तर म्हणाले. “भाषाही अशुद्ध आहे. पुण्याचे परीक्षक हसतील.”

“हसू देत. मी कापणार नाही.”

सर चष्मा काढून पुसत होते. ते चिडले की आवाज चढत नसे, चष्मा पुसला जायचा. मी त्यांच्याऐवजी ओरडलो. माझ्या ओरडण्यानं काही झालं नाही, हे इथं प्रामाणिकपणे नोंदवतो.

पुढच्याच आठवड्यात सरांना परीक्षेच्या कामावर चार दिवस भोरला धाडलं गेलं. मधल्या काळात लग्नामुंजीत लाउडस्पीकर लावणाऱ्या एका माणसाला शाळेत बोलावलं. फीत त्यानं कापली. कात्रीनं. हे मला शिपायानं सांगितलं, आणि कापलेला तुकडा केराच्या टोपलीतून काढून त्यानंच सरांच्या टेबलाच्या खणात ठेवला. आठेक हात फीत, चुरगळलेली, शाईचा डाग पडलेली. एका बाईचं आयुष्य कापायला लाउडस्पीकरवाल्याला एक कात्री पुरली. वाचणाऱ्यानं इथं थांबून जरा विचार करावा. तिला वर चढू दिलं नाही ते मोठ्या माणसांनी. ते ती बोलली, तर तेही पुसलं. आणि हे सगळं मुलांच्या नावावर, मुलांच्या प्रकल्पात, मुलांना ‘खरे बोलावे’ शिकवणाऱ्या भिंतींच्या आत!

फीत पुण्याला जायच्या आधी सरांच्या पद्धतीप्रमाणे सगळ्यांना ऐकवायची होती. तसं गावाला आधीच सांगून झालं होतं, म्हणून हेडमास्तरांना ते रद्द करता येईना. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पटांगणात टेबल मांडलं. अण्णा खुर्चीत. गावकरी सावलीत. सरूबाई, त्यांची सून आणि वस्तीतल्या आणखी काही बायका कुंपणापाशी. सर आदल्या संध्याकाळीच भोरहून परतले होते. खणातला तुकडा त्यांनी अजून पाहिला नव्हता. मी त्यांना आधीच सांगितलं असतं, पण शिपायानं मला गाठलं तेव्हा फीत सुरू झाली होती.

मुलांची ओळख झाली. झरे झाले. ओढ्याच्या पुराची गोष्ट झाली, लोक हसले. मग सरूबाईंच्या जागेवर हेडमास्तरांचा आवाज आला, “गावात सार्वजनिक विहीर असून सर्व ग्रामस्थ तिचा एकोप्याने लाभ घेतात.”

पहिला शब्द यायच्या आधीच सरांचं डोकं वर झालं होतं. शब्दाच्या आधी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आली होती. कोंबड्या नव्हत्या. सरांनी हात पुढं केला आणि यंत्र थांबवलं.

“ही शांतता आक्कांच्या दाराची नाही,” ते म्हणाले. फार हळू. “ही ऑफिसातली आहे.”

कुणाला काही कळेना. अण्णा म्हणाले, “काय झालं, धुमाळ? बिघडलं का मशीन?”

“मशीन नाही बिघडलं.”

तेवढ्यात कुंपणापासून आवाज आला. “मास्तर, ह्यात मी कुठं हाय?”

“तुम्ही होता, आक्का,” सर म्हणाले. “कापलंय.”

“कुनी?”

सरांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी अण्णांकडे. अण्णा हसून म्हणाले, “अगं सरूबाई, पंधराच मिनिटं देतात तिकडं. वेळेत बसवायला लागतं. तुझं काय, परत कधीतरी.”

“परत कदीतरी,” सरूबाई म्हणाल्या. त्या कुंपणापासून पुढं चालत आल्या. पटांगणाच्या मधोमध. “म्हंजी हिरीचं बी परत कदीतरी, बोलायचं बी परत कदीतरी. बरं. मग हितंच सांगते. हितं कोन कातरी लावतंय त्ये बघू.”

आणि त्यांनी ते सगळं पुन्हा सांगितलं. माती, टोपलं, सुकडी, पहिलं पाणी. कुणीतरी मागून म्हणालं, “बास कर की गं, पोरं हायेत.” त्या म्हणाल्या, “पोरांसाठीच सांगते. तुज्यासाठी न्हाई, तुला म्हाईत हाय.” मग सरांकडे वळून म्हणाल्या, “मास्तर, फितीनं पाणी वढता येत न्हाई. उद्या सकाळी मी हिरीवर चढनार. यायाचं त्यानं यावं.”

मी धावत टेबलापाशी गेलो. यंत्र बंद होतं. ज्या माणसानं बैलाची घंटाही जपून ठेवली, त्यानं गावातलं सगळ्यात खरं बोलणं टिपायला बटणच दाबलं नव्हतं. मी जवळजवळ ओरडलोच, “सर, टिपलं का नाही?” सर सरूबाईंकडे बघत होते. म्हणाले, “ऐकत होतो.”

रविवारी सकाळी वस्तीतल्या बायका हंडे घेऊन निघाल्या. पुढं सरूबाई. विहिरीवर गर्दी होती, बघ्यांची जास्त. नववीतली बरीच मुलं आली होती, कुणी न बोलावता. काही जणांच्या आयांनी त्यांना हाताला धरून परत ओढलं. काहींना ओढता आलं नाही. वर पाणी भरणाऱ्या बायका थांबल्या. कुणी अंगावर धावून येईल असं मला वाटत होतं आणि मी, खरं सांगतो, त्यासाठी आतून तयारच होतो, मला ते हवंच होतं. तसं काही झालं नाही. झालं ते साधं होतं. सरूबाई पायऱ्या चढल्या. सर त्यांच्या पाठोपाठ चढले आणि भल्या मनानं दोराला हात घालायला पुढं झाले.

“सोडा, मास्तर,” सरूबाई म्हणाल्या. “हात हायेत मला. ही हीर ह्याच हातांनी खांदली. तुमी फकस्त बाजूला ऱ्हावा, आन् तुमच्या लोकास्नी बी बाजूला ऱ्हायला सांगा.”

सर एका क्षणात मागे सरले. वळून गर्दीला म्हणाले, “बाजूला व्हा.” एवढंच. दोन शब्दांचं भाषण. सरूबाईंनी पोहरा सोडला, ओढला, हंडा भरला. मग सुनेचा. मग बाकीच्यांचा. वरच्या बायकांपैकी एक म्हातारी आपली घागर उचलून निघून गेली. दुसरी थांबली, आणि थोड्या वेळानं म्हणाली, “सरूबाय, जरा सरकून घ्या, माजी बी भरायचीया.” सरूबाई सरकल्या.

हे इथं संपलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

कापलेली फीत पुण्याला गेलीच. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी ‘स्वच्छ ध्वनिमुद्रण’ म्हणून कौतुक केलं! प्रशस्तिपत्रावर मार्गदर्शक म्हणून धुमाळ सरांचं नाव होतं. सरांनी ऑफिसात जाऊन, हेडमास्तरांच्या देखत, दौतीत टाक बुडवला आणि आपल्या नावावर एक सरळ रेघ मारली. म्हणाले, “माझं नाव कापायला कात्री लागत नाही.” त्यासाठी मेमो आला. शालेय साहित्याचा गैरवापर, ग्रामस्थांत तेढ, वरिष्ठांचा अवमान. मग बदलीचा कागद, आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत. वस्तीतल्या लोकांना त्या पावसाळ्यात लावणीला कुणी बोलावलं नाही. ‘यंदा मानसं हायेत आमच्याकडं,’ एवढंच सांगायचे, दारातूनच. बहिष्कार हा शब्द कुणीच उच्चारला नाही. आपल्याकडं तो उच्चारावा लागत नाही.

जायच्या दिवशी सर मला घेऊन सरूबाईंकडे गेले. खणातला तो आठ हात तुकडा त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून, सपाट करून, एका पत्र्याच्या डबीत गुंडाळून ठेवला होता. चिठ्ठी लावली होती, ‘सरूबाई कांबळे, स्वतःच्या दारात.’ डबी पुढं करून म्हणाले, “आक्का, हे तुमचं. मी राखू शकलो नाही.”

सरूबाई भात पाखडत होत्या. डबीकडे त्यांनी नुसतं पाहिलं.

“ही घिऊन मी काय करू, मास्तर? मी अजून बोलती की.”

सर हसले. मोठ्यानं, पोटापासून. मी त्यांना तसं हसताना आधी कधी ऐकलं नव्हतं. “मग ही मी नेतो,” ते म्हणाले. “तिकडच्या शाळेला ऐकवायला चालेल का?”

“ऐकवा. पर कोंबड्या काडू नका.”

यष्टी आली. सर मागच्या सीटवर खिडकीशी बसले, डबी मांडीवर. गाडी सुरू होताच खिडकीची काच खडखडायला लागली. सरांनी कपाळाला आठी घातली, खिशात हात घातला, बदलीचा कागद काढला, त्याची चौघडी केली आणि काचेच्या फटीत दाबून बसवली. खडखड थांबली. मग त्यांनी डोळे मिटले आणि कान टवकारून बसले, गाडीत कोण काय बोलतंय ते ऐकत. माझ्याकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. यष्टी घाटाला लागली तोवर मी उभा होतो.

आता विहिरीचं. सरूबाई रोज वर चढतात. पण सगळेच दिवस सारखे नसतात. कधी विहिरीवरचा दोर ‘हरवलेला’ असतो, कधी वरची जागा मुद्दाम अडवून धरलेली असते. वस्तीतल्या काही बायका भांडणाला कंटाळून पुन्हा पायरीखाली हंडा ठेवून बसू लागल्यात. त्यांना दोष देऊ नका. दोष कुणाचा ते तुम्हाला माहीत आहे.

तुमच्याही गावात सरकारी विहीर असेल. मला पत्र लिहू नका, माझी बाजू घेऊ नका, धुमाळ सरांचा सत्कार तर अजिबात करू नका. उद्या सकाळी, पाणी भरायच्या वेळेला, त्या विहिरीवर जा. कोण वर उभं आहे आणि कोण पायरीखाली बसलं आहे, ते नीट बघा. खाली कुणी बसलेलं दिसलं तर दया दाखवून त्यांच्या हंड्यात वरून पाणी ओतू नका. तुमच्या हातातला दोर त्यांच्या हातात द्या, आणि बाजूला व्हा.